दोन माग

पूर्व भागात, समाजाच्या कार्यालयात
गुंडेटींच्या टॉवेल कारखान्याचा निरोप होता.
माग मार्चमध्येच भंगारात गेले, किलोच्या भावानं;
निरोपाला हॉल मिळाला मे महिन्यात.
जिन्याचा कठडा हाताला धरवत नव्हता.

मला काम एवढंच:
आत प्रोजेक्टर, बाहेर मांडवात टीव्ही,
मध्ये माझा एक लॅपटॉप.
आत पाहुणे, कूलर, खुर्च्यांना पांढरे कपडे.
बाहेर सतरंजीवर कामगार, माठ, दोन टेबलफॅन.
"दोन्हीकडं एकच दिसलं पाहिजे बे," मालकांचा पोरगा म्हणाला,
"उगं भेदभाव नको."

प्रोजेक्टरची वायर जुनी, निळ्या तोंडाची,
दोन स्क्रू पिळून बसवायची.
टीव्हीची नवी, चपटी, पंधरा मीटर;
ती दारातून बाहेर नेली,
उंबऱ्यावर चिकटपट्टी मारली,
कुणाचा पाय अडकू नये म्हणून.

पहिल्यांदा चुकलंच.
एकमेकांची नक्कल करायचं सोडून
पडदे एकमेकांना लागून बसले, शेजारच्या दोन प्लॉटांसारखे.
आत मालकांचा हार घातलेला फोटो,
बाहेर नुसतं निळं, कोरं.
माझा बाण आतल्या पडद्याच्या कडेला गेला
आणि भिंतीला न विचारता
मांडवात निघाला,
दीडशे लोकांपुढं एकटाच भिरभिरत.
"एमैंदी?" कुणीतरी ओरडलं. "आमच्याकडं काय बी नाय!"
"तुमच्याकडं बाण आहे," मी म्हणालो.
कुणी हसलं नाही.

मग नक्कल निवडली.
यंत्राची एक खोड असते: दोघांना तेच दाखवायचं
तर दोघांतल्या कमी दिसणाऱ्याचा हिशेब धरायचा.
प्रोजेक्टर म्हातारा, त्याला चौकोनीच समजतं.
म्हणून एवढा रुंद, नवाकोरा टीव्ही
अंग चोरून बसला,
दोन्ही बाजूंना काळे पट्टे.
मी खजील. रिमोट शोधायला पळणार,
तर अंबुबाई मेरगू, एकतीस वर्षं कांड्या भरलेल्या,
म्हणाल्या, "राहू दे की. काठ आलाय त्याला."

फिल्म सुरू झाली.
चालू कारखान्याची, बंद व्हायच्या आदल्या आठवड्यात
पोरानं मोबाइलवर काढलेली.
आणि तेव्हा आठवलं, दरदरून घाम फुटल्यावर,
की निळ्या वायरीतून आवाज जात नाही.

आत माग चालत होते, मुके.
धोटा जायचा, यायचा. पाहुणे घड्याळ बघायचे.
बाहेर, टीव्हीतून, पूर्ण आवाजात
बत्तीस मागांचा खटका.

पिशवीत तिसरी वायर होती, आतल्या स्पीकरची.
ती घेऊन उंबऱ्यापर्यंत आलो.
मांडवात आता कुणी ओरडत नव्हतं.
ओठ हलत होते नुसते,
हात बोलत होते, शेडमध्ये बोलायचे तसे:
दोन बोटं वर म्हणजे चहा,
कपाळावर तळवा म्हणजे जॉबर येतोय.
बाकीच्या खुणा मला लागल्या नाहीत.

राजेशम कोडम डोळे मिटून बसले होते, मान तिरकी.
बावीस वर्षं ते दोन मागांवर एकटे,
एकाकडं तोंड, दुसऱ्याकडं कान.
पडद्यावर तेव्हा कुणाचा तरी डबा दिसत होता,
उघडा, शेंगाचटणी, कडक भाकरी.
राजेशम उठले. गुडघ्यावर हात टेकून, अर्धे.
त्यांच्यामागं अजून तीन-चार जण.
"तुटला," ते म्हणाले.
मला काहीच वेगळं ऐकू आलं नव्हतं.

आतून पोरगा आला. "आवाज कुठाय बे?"
"बाहेर," मी म्हणालो.
तिसरी वायर पिशवीतच राहिली.

सातला वायर गुंडाळायला घेतली
तर राजेशमनी दुसरं टोक उचललं,
अंगठा आणि कोपरावरून लड घालत आले माझ्याकडं.
"पीळ पडू देऊ नको," म्हणाले, गरजेपेक्षा मोठ्यानं,
"आतल्या आत तुटतंय. वरनं कळत नाय."

उरलेले तीनशे मागायचे राहून गेले.